उजवी लहर, डावी लहर
[नभोवाणीवरील भाषण]



ज्यांचीं बालपणें पुण्यांत गेलीं आणि ज्यांचीं वयें आतां साठीच्या घरांत आहेत, त्यांना छपरावरची ती कसरत आठवत असेल. मुंबईस दूरदर्शन १९७२ सालीं सुरू झालें आणि पुढच्याच वर्षीं सिंहगडावरून तें पुण्यास दिसूं लागलें. ज्याच्या घरीं संच आला त्याच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा एक सांगाडा चढला. त्याला कोणी एरिअल म्हणत, कोणी अँटेना. कावळ्यांनीं तो हलविला, कीं घरांतल्या एखाद्या मुलाला वर चढावें लागे. आमच्या आळींत तो मान माझा असे. मी वरून विचारीं, "आलें का?" खालून उत्तर येई, "आलें, आलें! अरे, गेलें!" सांगाड्याचें तोंड सिंहगडाकडे असावें एवढें आम्हांस कळत होतें. परंतु त्या नळ्या आडव्याच कां, उभ्या कां नाहींत, हा प्रश्न मला तेव्हां सुचला नाहीं. पुढें पस्तीस वर्षें मीं मुलांना विज्ञान शिकविलें, तेव्हांहि सुचला नाहीं. तो सुचला गेल्या वर्षीं, एका ऊंसाच्या फडाच्या बांधावर, आणि त्याला कारण झाला माझा नातू.

हा मुलगा बारावींत आहे. शिकवण्या घेऊन सांठविलेल्या पैशांतून त्यानें एक ड्रोन जुळविलें. वीतभर अंगाचें, चार पंख्यांचें हें यंत्र. त्याच्या नाकाशीं बारीक कॅमेरा असतो, कॅमेऱ्याचें चित्र लहरींवाटे खालीं येतें, आणि उडविणारा तें डोळ्यांवर बांधलेल्या चष्म्यांत पाहतो. जणूं तो स्वतःच आंत बसला आहे! उडविणाऱ्याचे डोळे असे झांकलेले असल्यामुळें दुसऱ्या कोणीं तरी उघड्या डोळ्यांनीं यंत्रावर नजर ठेवावी लागते. ती नेमणूक माझी झाली. यंत्र शंभर-सवाशें मीटर गेलें असेल नसेल, तोंच नातू ओरडला, "आजोबा, चित्र गेलें!" मला तें दिसत होतें, क्षणभर तें हवेंत थबकलें आणि पलीकडच्या उभ्या ऊंसांत पडलें. दोन दिवस आम्हीं शोधलें. तिसऱ्या दिवशीं ऊंसतोडीच्या बायकांना तें सांपडलें, एक पंखा मोडलेला, बाकी धड.

दोष शोधावयास आठवडा लागला. बॅटरी ठीक, कॅमेरा ठीक, तारा ठीक. ड्रोनवरची अँटेना एका जातीची होती आणि चष्म्यावरची दुसऱ्या जातीची. एक उजवी आणि एक डावी. बाजारांतून घेतलेल्या दोन्ही अँटेनांच्या टोप्या सारख्या, रंग सारखा, उंची सारखी. चष्मे घातलेल्या त्या पोरानें मला विचारलें, "आजोबा, लहर उजवी-डावी कशी असेल?" ह्या प्रश्नाला उत्तर देतां यावें म्हणून मीं जें वाचलें, तें आज आपणांस सांगणार आहें. ही चूक माझ्या नातवानें प्रथम केली नाहीं. ती पृथ्वीवरच्या एका अतिशय मोठ्या अँटेनेनें, सर्व जगाच्या देखत, १९६२ सालींच करून ठेवली होती. परंतु तेथें पोंचण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे.

जर्मनींतील कार्ल्सरूह येथील तंत्रविद्यालयांत हाइन्रिख हर्ट्झ हा तरुण प्राध्यापक १८८६ पासून विजेच्या लहरींच्या शोधांत होता. १८८८ च्या अखेरीस त्यानें जस्ताच्या पत्र्याचे, पन्हाळीसारखे वांकविलेले, दोन दोन मीटर उंचीचे दोन आरसे केले. एका आरशांत ठिणगी पाडावयाची आणि दुसऱ्यांत तिची प्रतिठिणगी पाहावयाची, अशी ती योजना. लहरीची लांबी होती सुमारें ६६ सेंटिमीटर. प्रतिठिणगी इतकी सूक्ष्म, कीं ती अंधारांतच दिसावयाची. दोन्ही आरसे उभे असतां ठिणगी पडत होती. मग हर्ट्झनें घेणारा आरसा हळूहळू आडवा केला. ठिणग्या मंद होत गेल्या, आणि तो पुरता आडवा होतांच नाहींशा झाल्या. लहर तेथें येत होतीच. परंतु ती उभी थरथरत होती, आणि आडव्या तारेला उभ्या थरथरीचें कांहींच जाणवत नव्हतें.

पुढची गंमत अशी. दोन आरशांच्या मधें हर्ट्झनें एका चौकटीवर तांब्याच्या समांतर तारा ताणून केलेली जाळी धरली. तारा उभ्या असतां उभी लहर अडे. तारा आडव्या केल्या कीं ती निर्वेध जाई. मी वर्गांत खिडकीच्या गजांतून हलणाऱ्या दोरीचा दृष्टान्त देत असें. उभी हलणारी दोरी उभ्या गजांमधून जाते, असें सांगत असें. येथें तो दृष्टान्त नेमका उलटा पडतो, आणि किती पिढ्यांना मीं तो दिला असेल देव जाणे! उभ्या तारेंत उभी लहर वीज खेळविते, आणि तेथेंच तिला अटकाव होतो. मग एक आरसा उभा, दुसरा आडवा, म्हणजे ठिणगी बंद, अशा स्थितींत हर्ट्झनें ती जाळी मधें तिरपी धरली. ठिणगी परत आली! तिरप्या जाळीनें उभ्या लहरीला तिरपें केलें, आणि तिरप्या लहरींत आडवेपणाचा अंश असतो. तो आडव्या आरशानें पकडला. अँटेनांची जोडी जुळली पाहिजे, हा धडा असा बिनतारी संदेशाच्याहि आधीं शिकला गेला. हर्ट्झ १ जानेवारी १८९४ रोजीं वारला. वय अवघें ३६. आपल्या ठिणगींतून पुढें काय काय निघालें तें त्याला पाहावयास मिळालें नाहीं.

त्याच सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत जगदीशचंद्र बोस हेच प्रयोग टेबलावर मावतील एवढ्या आकारांत करूं लागले होते. त्यांनीं लहरीची लांबी कांहीं मिलिमीटरांपर्यंत खालीं आणली. आजच्या ड्रोनच्या चित्राची लहर पांच सेंटिमीटरांची असते, ह्यावरून बोस किती पुढें होते तें ध्यानांत यावें. लहर गोळा करण्यासाठीं त्यांनीं कर्ण्याच्या आकाराचें जें नरसाळें वापरलें, तसेंच नरसाळें आज प्रयोगशाळांतून अँटेना म्हणून वापरतात. लहरीची पातळी तपासण्यासाठीं हर्ट्झसारखी जाळी हवी. त्यासाठीं बोसांनीं घेतलें ब्रॅडशॉचें रेल्वेचें वेळापत्रक! त्याच्या पानापानांत वर्खाचे पत्रे घातले, कीं झाली जाळी. आणि १८९८ मध्यें त्यांनीं ताग घेतला. तागाचे जुडगे एका बाजूला पिळले कीं त्यांतून जाणाऱ्या लहरीची पातळी एकीकडे वळते, उलट्या बाजूला पिळले कीं दुसरीकडे. सुंभ जळला तरी पीळ जात नाहीं, असें आपण माणसाच्या स्वभावाला म्हणतों. लहरीला उजवा पीळ आणि डावा पीळ ह्यांतला भेद कळतो, हें बंगालच्या तागानें दाखवून दिलें.

नंतरचीं चाळीस वर्षें मात्र लोकांचें लक्ष पिळाकडे नव्हतें, अंतराकडे होतें. मार्कोनीचा अटलांटिकपार संदेश, मोठमोठाले मनोरे, मैल-मैल लांबीच्या लहरी हा सारा इतिहास आपणांस परिचित आहे. आपल्या प्रांताचा एक दुवा तेवढा सांगतों. १९२७ सालीं हिंदुस्थान आणि इंग्लंड ह्यांच्यामध्यें लघुलहरींचा झोतासारखा बिनतारी मार्ग सुरू झाला. त्याचें पाठविणारें ठाणें पुण्याजवळ खडकीस आणि घेणारें दौंडला होतें. तिकडे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्सबी आणि स्केग्नेस येथें जोडीचीं ठाणीं. फ्रँकलिन ह्या इंजिनिअरनें उभ्या तारांचे पडदे टांगून आणि त्यांच्या पाठीमागें परत फेंकणाऱ्या तारांचे दुसरे पडदे लावून लहर एकाच दिशेस लोटली होती. मशालीचा उजेड चहूंकडे पसरतो, विजेरीचा एकाच बाजूस जातो, तोच हा भेद. दौंडच्या स्थानकावर गाडी बदलतांना आपण कांदाभजीं खातों. तेथून एके काळीं लंडनचे शब्द उतरत होते हें ठाऊक असलेला माणूस मला अजून भेटलेला नाहीं.

आमच्या कौलांवरचा सांगाडा ह्याच कुळांतला. १९२६ मध्यें जपानांतील सेंदाइच्या विद्यापीठांत शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी ह्यांनीं तो प्रसिद्ध केला. त्याच्या स्वदेशांत त्याची फारशी दखल घेतली गेली नाहीं. १९४२ सालीं सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला ब्रिटिशांच्या रडारचीं टिपणें सांपडलीं; त्यांत 'यागी' हा शब्द वारंवार येई आणि त्याचा अर्थ कोणास लागेना. अखेर एका ब्रिटिश कैद्यानेंच त्यांना सांगितलें, कीं हें तुमच्याच प्राध्यापकाचें नांव आहे.

पिळाची गोष्ट पुन्हां वर आली १९४६ मध्यें. अमेरिकेंतील ओहायो स्टेट विद्यापीठांत जॉन क्राउस नांवाच्या प्राध्यापकानें एका पाहुण्याचें व्याख्यान ऐकलें. विषय होता एका नव्या तऱ्हेच्या नळीचा, जींत तारेचें वेटोळें असतें. व्याख्यानानंतर क्राउसनें विचारलें, असें वेटोळें अँटेना म्हणून चालेल का? पाहुणा म्हणाला, नाहीं, मीं करून पाहिलें, चालत नाहीं. इतका ठाम नकार ऐकून क्राउसला उलट हुरूप आला. पाहुण्याचें वेटोळें बारीक असावें असें त्यानें ताडलें, आणि घरीं जाऊन तळघरांत सात वेढ्यांचें असें वेटोळें केलें, कीं ज्याच्या एका वेढ्याचा घेर बरोबर लहरीच्या लांबीएवढा, म्हणजे १२ सेंटिमीटर, होता. वेटोळ्याच्या मोकळ्या तोंडांतून सरळ झोत निघाला. ह्या झोतांतली लहर उभीहि नव्हती आणि आडवीहि नव्हती. ती स्क्रूच्या आट्यांप्रमाणें फिरत फिरत पुढें जात होती. वेटोळें उजव्या आट्याचें असेल तर लहर उजवी, डाव्या आट्याचें असेल तर डावी. उजवी लहर उजव्या वेटोळ्यालाच ऐकूं येते. डाव्याला ती जवळजवळ येतच नाहीं.

अशी फिरती लहर कशास हवी, असें कोणी विचारील. छपरावरचा सांगाडा जागचा हलत नाहीं, म्हणून त्याला आडवी लहर पुरते. परंतु आकाशांत फिरणाऱ्या वस्तूला उभें काय आणि आडवें काय? फिरत्या लहरीला हा प्रश्नच पडत नाहीं. म्हणून उपग्रहांच्या कामीं ती आली. आणि तेथेंच तो फजितीचा प्रसंग घडला.

१० जुलै १९६२ रोजीं अमेरिकेनें टेलस्टार नांवाचा उपग्रह सोडला. सुमारें ७७ किलो वजनाचा गोळा, व्यास ८८ सेंटिमीटर, आणि लहर पाठविण्याची शक्ति इतकी कमी, कीं ती अवघी दोन-अडीच वॅट. अमेरिकेंतील मेन प्रांतांत अँडोव्हर येथून चित्र वर पाठवावयाचें, टेलस्टारनें तें खालीं टाकावयाचें आणि युरोपांत तें उचलावयाचें. अटलांटिकपलीकडचें हलतें चित्र उपग्रहावाटे त्याच क्षणीं पाहण्याचा हा पहिलाच योग. उचलण्यासाठीं दोन घरें सज्ज होतीं. फ्रान्समध्यें प्लुमर-बोदू येथें अमेरिकन नमुन्याचा प्रचंड कर्णा, आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉलमध्यें गूनहिली येथें ब्रिटिशांची स्वतःची परात, २६ मीटर व्यासाची आणि हजाराहून अधिक टन वजनाची. हा अजस्र देह आकाशांत पळणाऱ्या त्या इवल्या गोळ्याच्या मागें सूक्ष्म अचूकपणानें वळत होता. गोळा क्षितिजावर दिसावयाचा, थोड्याच मिनिटांनीं मावळावयाचा. त्या रात्रीं हजारों घरांतून माणसें संचासमोर बसलीं होतीं.

फ्रान्सला चित्र आलें, स्वच्छ आलें. अँडोव्हरला फडकणारा अमेरिकन ध्वज दिसला. गूनहिलीला काय आलें? धूसर, फाटकें, हेलकावणारें कांहीं तरी. मधूनच एका माणसाचा चेहरा दिसल्यासारखा होई आणि विरघळे. परातीचा नेम चुकला नव्हता, यंत्रें बिघडलीं नव्हतीं. उपग्रह मावळला आणि तपास सुरू झाला. दोष सांपडला तो अँटेनेच्या मुखाशीं असलेल्या एका लहानशा भागांत. तो उलटा बसला होता. उपग्रहाकडून लहर एका अंगानें फिरत येत होती, आणि हजार टनांची परात दुसऱ्या अंगाच्या लहरीची वाट पाहत बसली होती.

हा भाग कोणा हलगर्जी कामगारानें उलटा बसविला असें मात्र नाहीं, आणि मला ह्या गोष्टींत सर्वांत विचार करण्यासारखें वाटतें तें हेंच. घोटाळा होता 'उजवें' ह्या शब्दांत. घड्याळाचे कांटे समोरून पाहिले तर उजवीकडे फिरतात. घड्याळ पारदर्शक असेल आणि तें पाठीमागून पाहिलें, तर तेच कांटे डावीकडे फिरतील. प्रकाशाचा अभ्यास करणारे पदार्थशास्त्रज्ञ येणाऱ्या किरणाकडे तोंड करून त्याची फिरकी ठरवीत आले. रेडिओचे इंजिनिअर लहरीच्या पाठीशीं उभे राहून ती ठरवितात. दोघेहि प्रामाणिक, दोघेहि बरोबर, आणि दोघांच्या 'उजव्या' एकमेकींच्या उलट. फ्रेंचांनीं कर्णा अमेरिकन नमुन्याचाच घेतल्यामुळें शब्दावर विसंबण्याची वेळच त्यांच्यावर आली नसावी, असा माझा तर्क आहे. आपल्याकडे दक्षिणावर्ती शंखाची हीच गत. आपण शंखाचें निमुळतें नळीचें टोंक वर धरतों, पाश्चात्त्य प्राणिशास्त्रज्ञ कळस वर धरतात. म्हणून आपण ज्याला उजवा म्हणून देव्हाऱ्यांत ठेवतों, त्याला त्यांच्या ग्रंथांतून डावा म्हटलेलें असतें. तोच शंख, तीच लक्ष्मी!

गूनहिलीच्या लोकांनीं तो भाग फिरवून बसविला, आणि पुढच्या रात्रीं चित्र उत्तम आलें. माझ्या नातवाला ही हकीकत सांगितली तेव्हां त्याचा पडलेला चेहरा एकदम उजळला.

आतां ड्रोनकडे वळतों. त्याचें चित्र बहुधा सेकंदास ५८० कोटी कंपनांच्या लहरीवर येतें. लांबी पांच सेंटिमीटरांहून किंचित् अधिक. क्राउसचें वेटोळें ह्या लहरीसाठीं करावयाचें तर एका वेढ्याचा घेर बोटांतल्या अंगठीएवढा होतो. उडणारें यंत्र वळतांना कलंडतें, उलटें होतें. अशा वेळीं साधी उभी अँटेना क्षणांत आडवी होऊन बसेल आणि हर्ट्झच्या ठिणगीप्रमाणें चित्र मावळेल. म्हणून तेथें फिरती लहर. तिचा दुसरा गुण असा, कीं भिंतीवरून किंवा जमिनीवरून आपटून परतणारी लहर, आरशांत उजवा हात डावा दिसावा तशी, उलट्या फिरकीची होऊन येते. उजवी अँटेना अशा परतलेल्या डाव्या लहरीस दाद देत नाहीं, म्हणून इमारतींमधून उडतांना चित्रावर चित्र चढत नाहीं. परंतु जो दरवाजा परतणाऱ्या चोराला बंद, तोच चुकीच्या जोडीदारालाहि बंद. डाव्या-उजव्याची गांठ पडली, कीं शंभरांतला एखादाच भाग पोंचतो. आणि शक्तीचा शंभरावा भाग म्हणजे पल्ल्याचा दहावा. किलोमीटरभर दिसणारें चित्र शंभर मीटरांवर संपतें. ऊंसाच्या फडाचा हिशेब येथें तंतोतंत लागला. एक टोंक फिरतें आणि दुसरें साधें उभें असेल तर निम्मी शक्ति जाते, पण पल्ला सातशें मीटरांपर्यंत राहतो. तें एक वेळ चालेल.

बाजारांत हा घोटाळा होण्यास कारणहि आहे. जुन्या धर्तीच्या संचांत बहुतेक मंडळी उजवी फिरकी वापरीत. पुढें डिजिटल संच निघाले त्यांतल्या कांहींबरोबर कारखान्यांतूनच डावी आली. शिवाय जोडण्याचे पेच दोन तऱ्हेचे असतात. बाहेरून एकमेकांत नीट बसतात, पण कांहीं जोड्यांत मधली सुई कोणाकडेच नसते. अँटेना लावली असें दिसतें, आणि लागलेली नसते. तसेंच यंत्र चालू ठेवलें तर जाऊं न शकलेली शक्ति उलट फिरून पाठविणारा भाग जाळूं शकते. दिशेची निवडहि आहेच. चहूंकडे पाहणाऱ्या अँटेनेचा झोत मेदुवड्यासारखा असतो. तिच्या बरोबर डोक्यावर वड्याचें भोंक येतें. यंत्र थेट माथ्यावर आणलें तर जवळ असूनहि चित्र फिकें पडतें. म्हणून चष्म्यावर बहुधा दोन अँटेना लावतात, एक मशालीसारखी आणि एक विजेरीसारखी. जिला चांगलें दिसेल तिचें चित्र संच घेतो. अर्थात् दोघींची फिरकी ड्रोनवरल्या अँटेनेशीं जुळली पाहिजे.

एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. हींच वीतभर यंत्रें २०२२ पासून युक्रेनच्या युद्धांत स्फोटकें वाहूं लागलीं. एक पक्ष लहरी पाठवितो, दुसरा त्यांवर गोंगाट ओततो. अँटेना कितीहि जुळलेली असो, गोंगाटापुढें तिचें चालत नाहीं. तेव्हां २०२४ च्या सुमारास दोन्ही बाजूंनीं यंत्राच्या पोटाशीं काचेच्या धाग्याचें रीळ बांधण्यास सुरुवात केली. यंत्र उडतें आणि मागें किलोमीटरच्या किलोमीटर केंसासारखा धागा सोडीत जातें. चित्र त्या धाग्यांतून येतें. तेथल्या शेतांवर कोळ्याच्या जाळ्यांसारखे हे धागे पसरल्याचीं छायाचित्रें मीं पाहिलीं. तार नको म्हणून हर्ट्झपासून जी खटपट चालली, ती रणांगणावर पुन्हां तारेशीं येऊन ठेपली, आणि ती अशा कामासाठीं, हें मला कांहीं गोड वाटलें नाहीं.

आमच्या घरीं हा प्रश्न फार साध्या रीतीनें सुटला. नातवानें मित्राकडून खात्रीची उजवी अँटेना आणून आपल्या सर्व अँटेना तिच्याशीं एकेक करून ताडून पाहिल्या; जिच्याबरोबर दूरवर चित्र टिकलें ती उजवी, जिच्याबरोबर विरलें ती डावी. 'उजवी' म्हणजे कोणीकडून पाहिल्यावर, हा वाद त्यानें घातलाच नाहीं. उजव्यांच्या बुडाशीं त्यानें आईच्या नखरंगाचा तांबडा ठिपका दिला. ऊंस तुटून गेल्यावर आम्ही पुन्हां त्याच बांधावर गेलों. तो चष्मा लावून बसला, मी उघड्या डोळ्यांनीं उभा राहिलों. यंत्र जुन्या जागेवरून पुढें गेलें, विहिरीवरून गेलें, पलीकडच्या कडुलिंबापाशीं पोंचलें.

"आलें का?" मीं विचारलें.

"आलें, आजोबा. लिंबावरचें घरटें दिसतंय."